गार्डसाहेब कॅमेरा निवडतात

दुकानात येऊन रिकाम्या हाताने परत गेलेलं गिऱ्हाईक मी विसरत नाही. नाव विसरतो, चेहरा विसरतो, पण त्याने कोणत्या मालाला काय नाव ठेवलं ते डोक्यात पक्कं बसतं. अशा लोकांत पहिला मान आमच्या गार्डसाहेबांचा. पावसाळ्याच्या तोंडावर ते माझ्याकडे व्हिडिओ कॅमेरा पाहायला आले आणि दिवाळी उलटून गेली तरी पाहतच राहिले. माझ्याकडचा प्रत्येक कॅमेरा त्यांनी हाताळला, रोज माझा चहा प्यायले, त्या चहालाही नाव ठेवलं आणि शेवटी एकही कॅमेरा विकत घेतला नाही. बरं, हाकलून द्यावं तर दुकान त्यांचंच. भंडाऱ्यातल्या त्या घरात खाली मी भाड्याने होतो आणि वर ते राहत.

मी करडी गावचा. लग्नाच्या वरातीत दुसऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे दिवा धरून चालण्यापासून सुरुवात केली. मग कॅमेरा धरला, मग जुने कॅमेरे घेऊन विकू लागलो. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा निम्मे सरकारी बाबू तिकडे गेले आणि त्यांच्या घरची लग्नंही तिकडे गेली. तरी मी उभा राहिलो, कारण मला भाव करता येतो. समोरचा माणूस हसला की तो किती खाली येईल हे मला कळतं. नागपूरच्या बाजारात लोक मला पाहिलं की आधी खुर्ची देतात आणि मग कपाळाला हात लावतात.

गार्डसाहेबांपुढे मात्र माझी विद्या पहिल्याच दिवशी वाया गेली. दुकान भाड्याने घ्यायला गेलो, त्यांनी भाडं सांगितलं. मी नेहमीप्रमाणे हसलो, उठलो, दारापर्यंत गेलो. इथे माणूस हाक मारतो. यांनी मारली नाही. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, चप्पल झटकली, पुन्हा झटकली. वर पाहिलं तर ते खिडकीत भाजी निवडत बसले होते. दुसऱ्या दिवशी मीच परत गेलो आणि मधला आकडा बोललो.

"बापू," ते म्हणाले, "रेल्वेच्या खिडकीवर तिकीट काढतानी भाव करते का तू?"

"नाही."

"मंग इथी काहून करते?"

झालं. त्यांनी सांगितलेल्या भाड्यात मी त्या दुकानात शिरलो आणि तो काटा आजपर्यंत रुतून आहे.

ते मालगाडीवर गार्ड होते. उभी नोकरी शेवटच्या डब्यात, इंजिनाकडे पाठ करून काढलेली. निवृत्त होऊनही ती पाठ वळली नव्हती. रोज सकाळी सहा सीटर ऑटोने वरठीला जायचे, स्टेशनवर एक फेरी मारायचे, कोणती गाडी किती उशिरा आली त्यावर नाराज व्हायचे आणि परत यायचे. ऑटोत बसायचे ते मागे तोंड करून असलेल्या सीटवरच. ती सीट भरलेली असली तर ऑटो सोडून देत. एकदा मला घाई होती, मी त्यांच्यासोबत होतो, आणि त्यांनी लागोपाठ अर्धे रिकामे ऑटो सोडले. मी चिडलो.

"पुढे बसा ना गार्डसाहेब! पुढे काय काटे लागले?"

"पुढे काय येऊन राह्यलं ते डायवर पाहते," ते शांतपणे म्हणाले. "मांगं काय सुटून राह्यलं ते कोन पाहीन?"

खोटं त्यांना बोलता येत नसे. हा सद्गुण म्हणून सांगतात, पण ज्याचं दुकान आहे त्याला विचारा. एकदा दिघोरीचा एक माणूस आला. मुलाला लग्नाच्या शूटिंगचा धंदा काढून द्यायचा होता. मी त्याला कार्डवाला नवा कॅमेरा दाखवला, भाव ठरत आला, त्याचा हात खिशाकडे गेला. गार्डसाहेब कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

"हा नोको घेऊ," ते म्हणाले. "याच्यात खांब झुकते."

"मले खांब नाई काढाचे जी, नवरदेव काढाचा हाय," तो माणूस म्हणाला.

"पळत सुटला त नवरदेवही झुकन."

माणसाचा हात खिशापर्यंत गेला होता तसा परत आला. "घरी इचारतो," म्हणाला आणि गेला. मी स्टुलाला लाथ मारायचा बाकी होतो.

"तुमाले काय कराचं होतं?"

"त्यानं इचारलं असतं त काय सांगतलं असतं?"

"त्यानं इचारलंच नव्हतं!"

"म्हनून त आधी सांगतलं," ते म्हणाले.

आता हे खांबांचं प्रकरण काय ते सांगतो, कारण माझं सगळं डोकं त्याच खांबांनी खाल्लं.

त्यांची नात त्यांच्याकडे राहायची. आईबाप पुण्याला कंपनीत, दोघांच्या पाळ्या, म्हणून मुलगी लहानपणापासून आजोबाजवळ. आजी नव्हतीच. ती त्यांना आबाजी म्हणे. एका रविवारी गार्डसाहेब नागपूरच्या जुन्या बाजारातून चार चाकांची एक फळी घेऊन आले. गॅसच्या सिलिंडरखाली ठेवायला. सिलिंडर सरकवायची ट्रॉली म्हणून त्यांनी घेतली आणि नातीने ओळखलं की हा स्केटबोर्ड आहे. सिलिंडर फरशीवरच राहिला. ती त्या फळीवर चढली आणि उतरलीच नाही. पुढे चांगला बोर्ड आला, पायाला पट्टे आले, डोक्याला टोपी आली, पण गार्डसाहेब त्याला शेवटपर्यंत ट्रॉलीच म्हणत. "ट्रॉलीवरून पडली" असं त्यांनी दवाखान्यात सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी स्टेशन मास्तरची चौकशी केली होती.

भंडाऱ्यात स्केटबोर्ड चालवायला जागा कुठली? रस्ता म्हणजे खड्डे. पण वरठी रोडला गार्डसाहेबांच्या दोस्ताची राइस मिल होती आणि मिलला उकडलेला धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण. काचेसारखं गुळगुळीत. एका बाजूला ट्रकमध्ये पोती भरायचा कमरेएवढा धक्का. पावसाळ्यात तिथे धान वाळत नाही, तेव्हा पटांगण पोरीचं. दिवाळीनंतर नवा धान आला की बंद. फक्त एक शत्रू होता, धानाचा दाणा. एक दाणा चाकाखाली अडकला की बोर्ड जागीच थांबतो आणि पोरगी पुढे जाते. म्हणून ती यायच्या आधी गार्डसाहेब स्वतः खराटा घेऊन सगळं पटांगण झाडायचे. घरी आले की बोर्डाची चाकं काढून त्यातल्या बेअरिंगा वाटीभर रॉकेलमध्ये बुडवून धुवायचे. हे मी मुद्दाम सांगतो आहे, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना वाईट म्हणाल. वाईट म्हणायचा हक्क माझा आहे.

त्या वर्षी पोरीच्या शाळेतल्या खेळाच्या सरांकडे एक सूचना आली. बंगळूरकडे एक क्रीडा वसतिगृह होतं, तिथे स्केटबोर्ड शिकवायला मोजकी मुलं घेणार होते. राहणं, शाळा, सगळं तिथेच. त्यासाठी चालवतानाचा व्हिडिओ पाठवायचा. अट अशी की तो एकसलग हवा, मध्ये कापलेला नको, गाणं लावलेलं नको, आवाज मूळचाच हवा आणि पाय सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसायला हवेत. मुदत दिवाळीनंतरची. पुण्याहून तिच्या बापाने सांगितलं होतं, "या खेपेला नाव लागलं तर जा. नाही लागलं तर पुढच्या साली दहावी आहे, ते लाकूड माळ्यावर टाकायचं." पोरीला दुसरा मौका नव्हता.

"व्हिडिओ मीच काढीन," गार्डसाहेब म्हणाले. "कॅमेराही मीच निवडीन."

आणि आले माझ्याकडे.

मी खूश झालो होतो, हे कबूल करतो. त्या दिवसांत लग्नवाले टेपचे कॅमेरे टाकून कार्डाचे घेत होते आणि माझं कपाट टेपवाल्या कॅमेऱ्यांनी भरलेलं होतं. त्यांच्या गळ्यात एखादा घालावा आणि भाड्याचा जुना हिशेब मनातल्या मनात चुकता करावा, असा माझा बेत. पहिल्याच दिवशी मी त्यांना सगळ्यात चांगला टेपवाला दिला. वर पकडायला मूठ, आत तीन चिपा, कधीकाळी लाखनीच्या पाटलांच्या घरचं लग्न याच्यावर काढलेलं. ते तो घेऊन वरठीच्या ऑटोत मागे तोंड करून बसले आणि रस्त्याकडेचे विजेचे खांब काढून आणले. आम्ही टीव्हीला वायर जोडून पाहिलं. खांब, खांब, खांब. एक म्हैस. खांब.

"कसा वाटला?" मी म्हटलं.

"पाहू," ते म्हणाले. "दुसरा दाखव."

दुसऱ्या दिवशी मी खांद्यावर घ्यायचा मोठा दाखवला. "पोरीचे पाय जमिनीवर आहे. हा खांद्यावर ठेवून पाय कसे काढू? खड्डा खोदून त्यात उतरू?" तिसऱ्या दिवशी तळहाताएवढा दिला. "याच्यात माहा हात दिसते, पोरगी नाई. हात हलला की जग हलते." मग कार्डवाला नवा दिला, भारीतला. ऑटोतून खांब काढून आणले, टीव्हीवर लावले आणि ते उठून टीव्हीजवळ गेले.

"खांब कसा झुकला बे हा?"

खरंच झुकला होता. वेगाने सरकताना प्रत्येक खांब वरून एकीकडे, खालून दुसरीकडे, जसा कोणी रबराचा रोवला आहे. त्या जातीच्या कॅमेऱ्यात ते होतं, हे मला माहीत होतं. पण लग्नात कोण एवढं पळतं?

"जिंदगीभर मागच्या डब्यातून खांब पाह्यले," गार्डसाहेब म्हणाले. "एकही वाकडा नाई गेला. पोरगी उडी मारन आन तिचे पाय असे रबरासारखे दिसतीन त तिकडचे लोक म्हनतीन, पोरीचे पायच वाकडे आहे."

त्यावर मी ओरडलो. मी ओरडलो की गिऱ्हाईक साधारणपणे घाबरतं. गार्डसाहेब चहा संपवायचे, कप उलटा ठेवायचे आणि म्हणायचे, "उद्या कोनता दाखवते?"

असा पावसाळा गेला. मी नागपूरहून उसने कॅमेरे आणून दाखवले. एकाची मूठ चुकीची, एकाचं भिंग फारच लांबचं पाहतं, एकात चाकांचा आवाज येत नाही आणि वारा येतो. एकाचं बटन आवाज करतं. एकाचा रंग त्यांना "लबाड" वाटला. मोबाईलवर काढा म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत. कोजागिरी गेली. मुदत जवळ येत चालली आणि माझं डोकं फुटायची वेळही. बायको म्हणाली, "तुम्ही झोपेत खांब खांब करता."

दिवाळी झाली, पाहुणे गेले आणि एका दुपारी पोरगी एकटीच दुकानात आली. शाळेचा ड्रेस, कोपराला जखमेची खपली.

"काका, आबाजीले कॅमेरा द्या ना."

"बाई, मी देऊन राह्यलो, तेच घेऊन नाई राह्यले! त्यायले पसंतच पडत नाई एकही."

"पसंत आहे त्यांना. पहिल्या दिवशीचा."

"कोनता पयल्या दिवशीचा?"

"मूठवाला. त्या दिवशी घरी येऊन जेवताना म्हणाले मला, खांब एकदम सरळ दिसले, मिळाला कॅमेरा. मग रोज तुमच्याकडे काहून येतात ते मला नाही माहीत. विचारलं की म्हणतात, घाई करू नको." तिने खपली खरवडली. "काका, परवापासून मिलमध्ये धान पसरणार आहे."

ती गेली आणि मी खुर्चीत बसून राहिलो. जे गिऱ्हाईक प्रत्येक मालात खोट काढतं त्याला माल नकोच असतो. हे मी धंद्यात पहिल्या वर्षी शिकलो. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. मूठवाल्या कॅमेऱ्यात त्यांनी एकही खोट काढली नव्हती, नुसतं "पाहू" म्हणाले होते, आणि हे मला, मला, कळलं नव्हतं. मी शटर अर्धं ओढलं आणि वर गेलो.

गार्डसाहेब गॅलरीत पाटावर बसले होते. समोर रॉकेलची वाटी, फडक्यावर ओळीने मांडलेल्या बेअरिंगा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पोरीचे दोन मेडल.

"पयल्या दिवशी खांब सरळ दिसले होते का नाई?" मी दारातूनच ओरडलो.

त्यांनी वर पाहिलं नाही. "दिसले होते."

"मंग माह्या डोक्शाचा भुगा कायले केला? नागपूरचे लोक माह्यावर हसून राह्यले! कॅमेरे आनून आनून मी..."

"हळू बोल. खाली आयकू जाते."

"जाऊ द्या! गिऱ्हाईकाले माल नसन घ्याचा त त्यानं सरळ नाई म्हनाव. पोरीले जाऊ नसन द्याचं त पोरीले नाई म्हना. मले कायले नाचवता?"

ते एक बेअरिंग बोटावर फिरवत होते. ती फिरत राहिली, बराच वेळ, एवढी साफ केली होती त्यांनी.

"तिले नाई म्हनता येत नाई," ते म्हणाले. "म्हनून त तुह्या दुकानात येत होतो."

मी भांडायच्या पूर्ण तयारीने आलो होतो. पण यावर भांडायचं कसं? तरी मी सोडलं नाही, सोडणं माझ्या अंगात नाही.

"मुदत उलटून गेली असती त?"

"त राह्यली असती इथीच."

"आन ते लाकूड माळ्यावर गेलं असतं. मंग या बेअरिंगा कोनासाठी धुता?"

त्यांनी हातातली बेअरिंग फडक्यावर ठेवली, दुसरी उचलली, तीही ठेवली. मग फडक्याला हात पुसले. "गाडी थांबवाचा अधिकार गार्डाले असते, बापू," ते म्हणाले. "नोकरीत मी तो कदी वापरला नाई. एकडावही नाई." आणि ते उठले. "उद्या सकाळी येजो मिलवर. कॅमेरा आन."

मला वाटलं चला, एवढ्या छळानंतर विक्री तरी झाली. मी तिथल्या तिथे भाव बोललो.

"विकत कायले घेऊ?" ते म्हणाले. "एका दिवसाचं काम आहे. भाड्यानं दे. लगनाच्या भावानं."

सकाळी मिलवर पोचलो तेव्हा पटांगण झाडून झालं होतं. गार्डसाहेबांनी पोती वाहायची चारचाकी ढकलगाडी काढून ठेवली होती. त्यांचा बेत असा की ते गाडीवर मागे तोंड करून बसणार, कॅमेरा मुठीने धरून खाली जमिनीलगत सोडणार, गाडी चित्रात न येता कडेला धरून पुढे ढकलत न्यायची आणि पोरगी मागून बोर्डवर येणार. धक्क्याजवळ गाडी बाजूला होणार, पोरगी धक्क्याच्या उतारावरून वर चढणार आणि कडेवरून बोर्डासकट खाली उडी मारून पुढे निघून जाणार. हे सगळं एका दमात, कॅमेरा बंद न करता.

"ढकलते कोन?" मी विचारलं.

"तू."

"एवढे हमाल उभे आहे इथी!"

"हमाल झटका देते. तू सांभाळून ढकलशीन. कॅमेरा तुहा आहे ना."

हमाल हसले. मी बाह्या वर केल्या.

पहिल्यांदा मीच जोरात ढकललं. दुसऱ्यांदा हळू झालं आणि पोरगी गाडीवर आदळता आदळता वाचली. मग ती धक्क्यावरून पडली. मग पुन्हा पडली. कुठून तरी एक दाणा आला आणि ती सपाट पालथी झाली. गार्डसाहेब गाडीवरून उतरून तिथे गेले, गुडघे टेकून तो दाणा शोधून काढला, खिशात टाकला आणि परत येऊन बसले. तिच्या गुडघ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, तिनेही दाखवला नाही. मी घामाने ओला झालो होतो. मी त्यांना, त्यांच्या कॅमेऱ्याला, जो माझाच होता, त्यांच्या रेल्वेला आणि त्या गाडीच्या चौथ्या चाकाला, जे आपल्याच मर्जीने वळत होतं, तोंडाला येईल ते बोलत ढकलत होतो.

आणि मग झालं. ती धक्क्यावर चढली, कडेवर बोर्ड तिच्या पायाला चिकटून वर उचलला गेला, हवेत तिचे दोन्ही हात उघडले आणि चारही चाकं एकाच वेळी सिमेंटवर वाजली. पडली नाही. आमच्या शेजारून ती सुसाट गेली, ओरडत. पटांगणाचा उतार फाटकाकडे आहे. ती थांबलीच नाही, फाटकातून बाहेर, रस्त्याच्या वळणावर, दिसेनाशी.

"बंद करा आता!" मी म्हटलं आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकलो. मला दम लागला होता. गार्डसाहेब कॅमेरा फाटकाकडे धरून तसेच बसून होते.

दुपारी दुकानात टेपवरून डीव्हीडी करायला बसलो. आवाज बरोबर येतो का पाहायला हेडफोन कानाला लावले. चाकांचा आवाज स्वच्छ आला होता. माझाही. एक अटही मोडायची नाही म्हणजे गाणं लावून तो झाकता येत नव्हता. त्या पवित्र संस्थेच्या गुरुजनांपुढे माझ्या शिव्या जशाच्या तशा जाणार होत्या. मी चडफडत ऐकत राहिलो. उडी झाली. चाकं दूर गेली, आवाज विरला. पडद्यावर नुसतं मोकळं फाटक. माझं धापा टाकणं. आणि मग, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, कारण कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज सगळ्यात जवळून येतो, हलकेच:

"नोको जाऊ, बाई."

एवढंच. मग बटनाचा खट्ट आवाज.

शेवट कुठे करायचा याची अट नव्हती. डीव्हीडी मी ती फाटकातून बाहेर पडते तिथे थांबवली आणि पाठवून दिली.

नाव लागलं. ते सांगायला दोघं दुकानात आले. गार्डसाहेब आपल्या स्टुलावर बसले, पोरगी काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली.

"काका, तिकडच्या सरांचा फोन आला होता. म्हणाले, पाय एकदम नीट दिसले, असा व्हिडिओ दुसऱ्या कोणाचाच नव्हता. आणि विचारत होते, मागे ते काका कोण ओरडत आहेत? त्यांना काही त्रास आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "तो स्टुलावर बसला आहे."

ती हसली. मग म्हणाली, "मूळ टेप दाखवा ना. एकदा पाहू द्या."

मी नाही कसं म्हणणार? कॅमेऱ्यात टेप घातली आणि बाजूच्या छोट्या पडद्यावर लावून दिली. त्याचा स्पीकर शेंगदाण्याएवढा. ती वाकून पाहत होती. उडी पाहून खूश झाली. पुढे फाटक आलं. तिने कान जवळ नेला. मागे घेतली, पुन्हा लावली.

"आबाजी, इथे तुम्ही काही म्हणालात."

"मले काय आठवते?" ते रस्त्याकडे पाहत म्हणाले.

"म्हणालात. 'नको' ऐकू येतं." ती माझ्याकडे वळली. हसणं गेलं होतं. "काका, तुम्ही हेडफोन लावून ऐकलं असेल ना? काय म्हणाले हे? खरं सांगा. हे एकटे राहणार इथे. ह्यांच्या मनात नसेल तर मी बाबांना फोन करून सांगते, मी नाही जात. मला चालते."

चालत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती राहिली असती. मी माणसं ओळखतो, ती फोन काढूनच उभी होती.

गार्डसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मदत मागितली नाही. मला तर त्या क्षणी त्यांना चार शब्द सुनवायचे होते, की हे पण काम माझ्याच डोक्यावर का? भाडं तुमच्या मर्जीचं, कॅमेरा लग्नाच्या भावाने, गाडी मी ढकलायची, शिव्या माझ्या बंगळूरला आणि आता हे पण मीच?

"हमालाले म्हनून राह्यले होते," मी म्हटलं. "फाटक उघडं नोको ठेवू म्हने, गाई येतीन."

"गाई?"

"गाई. धान खातीन म्हनून."

पोरगी आजोबांकडे वळली. "खरंच, आबाजी?"

गार्डसाहेबांनी शेवटचा घोट घेतला. मग त्यांनी चहाचा कप उलटा ठेवला.

"हो ना," ते म्हणाले. "दोन होत्या. एक तांबडी."